माजाच्या आधीचे दहा दिवस

२९ ऑक्टोबर १९६५. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पिओरिया परगण्यातल्या एका सोयाबीनच्या शेताच्या कडेला मेल जॉन्सन नावाचा धनुर्धारी जमिनीवरच आडोसा धरून बसला होता. झाडावर मचाण नव्हती. कप्प्या लावलेलं कंपाउंड धनुष्यही नव्हतं; त्याचं पेटंट मिसुरीच्या होलिस ॲलनला मिळायला अजून चार वर्षं होती. जॉन्सनच्या हातात साधं रिकर्व्ह धनुष्य होतं. त्या दिवशी त्यानं ज्या व्हाइटटेल हरणाच्या नरावर बाण सोडला, त्याच्या शिंगांचं मोजमाप २०४ ४/८ इंच भरलं. धनुष्यानं मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘पोप अँड यंग क्लब’च्या वहीत, सरळ घडणीच्या शिंगांच्या वर्गात, हा आकडा पन्नास वर्षांहून अधिक काळ सगळ्यांच्या वर राहिला.

बहुतेक लोक या गोष्टीतले इंच लक्षात ठेवतात. शिकायचंच असेल तर तारीख लक्षात ठेवावी.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम पट्ट्यात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन, ओहायो, मिसुरी या राज्यांत, बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात. गाभणकाळ साधारण २०० दिवसांचा, म्हणून पाडसं मेअखेर-जूनमध्ये, चारा मुबलक असताना जन्मतात. माजाचं वेळापत्रक थंडीवर नव्हे, दिवसाच्या लांबीवर ठरतं. त्यामुळं एखाद्या जागी ते वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच तारखांना येतं, बाहेर बर्फ पडत असो की ऊन. (हे गणित उत्तरेचं. फ्लोरिडात वेगवेगळ्या भागांत माजाच्या तारखा काही महिन्यांनी मागेपुढे असतात. तिथं ही दिनदर्शिका चालत नाही.) नर मात्र आधीच तयार होऊन बसतो. ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल गळते, उन्हाळाभर गुण्यागोविंदानं एकत्र चरणारे नर एकमेकांपासून फुटतात, माना जाड होऊ लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याची तयारी पूर्ण झालेली असते आणि मादी अजून राजी नसते. या मधल्या अंतरातच थोराड नर धनुष्याच्या टप्प्यात येऊ शकतो. साधारण २५ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. एकदा का माज पेटला, की तोच नर एखाद्या मादीमागं दोन मैल लांब निघून जातो आणि मग सगळा अभ्यास नशिबाच्या हवाली होतो.

थोराड कुणाला म्हणायचं? शिंगांवरून वय ओळखू नये, देहावरून ओळखावं. अडीच वर्षांचा नर पाय लांब असलेल्या कालवडीसारखा दिसतो: कंबर बारीक, मान सडपातळ. चार-साडेचार वर्षांच्या पुढं छाती खोल होते, पोट खाली येतं आणि त्यामुळं पाय आखूड भासतात; मान थेट खांद्यात उतरते. असे नर मुळात कमी उरतात, कारण बहुतेक राज्यांत बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात, माजाच्या तोंडावर किंवा भरात येतो आणि भान हरपलेले तरुण नर त्यात आधी जातात. आयोवानं बंदुकीचे मुख्य हंगाम डिसेंबरात ठेवले आहेत. तिथल्या मोठ्या शिंगांचं रहस्य मातीत आणि मक्यात शोधणारे पुष्कळ आहेत. त्यातलं बरंचसं या एका सरकारी निर्णयात आहे.

या दिवसांतली सर्वांत ठळक खूण म्हणजे ‘स्क्रेप’. नर खुरांनी पालापाचोळा बाजूला सारून सुपाएवढी माती उघडी करतो, मागच्या पायांच्या गुडघ्याजवळच्या ग्रंथींवरून त्यात मूत्र सोडतो आणि वरची, डोक्याच्या उंचीवरची फांदी तोंडात धरून, कपाळ-डोळ्यांच्या ग्रंथी घासून तिला आपला वास लावतो. ताडोब्यात सांबर नर मागच्या पायांवर उभा राहून उंच फांद्यांना शिंगं घासताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. नवखा शिकारी शेताच्या बांधावर असे पाच-सहा स्क्रेप पाहतो, हरखतो आणि तिथंच मचाण बांधतो. इथंच घोटाळा होतो. जॉर्जियात कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात स्क्रेपवरच्या बहुतेक भेटी रात्रीच्या निघाल्या. बांधावरचा स्क्रेप ही रात्रीची वहिवाट आहे. कामाचा स्क्रेप आत सापडतो: दाट रानात, नर जिथं दिवसभर बसतो त्या जागेपासून शे-दीडशे मीटरवर, जिथं पोचेपर्यंत उजेड शिल्लक असतो.

याला जोडून एक समजूत मोडीत काढायला हवी. ऑक्टोबरच्या मध्याला हरणं दिवसा हालचालच करत नाहीत, असं अमेरिकी शिकारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पेनसिल्व्हेनियात नरांच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधून पाहिलं, तेव्हा हालचाल ऑक्टोबरभर वाढतच जाताना दिसली. नर थांबत नाही, जागा बदलतो. पांढऱ्या ओकची फळं पडू लागली की तो सोयाबीन सोडून रानात शिरतो. ती लाल ओकपेक्षा कमी तुरट, म्हणून आधी संपतात. मक्याची कापणी झाली की एका दिवसात शेकडो एकरांचा आडोसा नाहीसा होतो. आणि तिसरं कारण शिकारी स्वतः. दक्षिण कॅरोलिनातल्या एका अभ्यासात कॉलर बांधलेले नर, शिकारी बसून गेलेल्या मचाणापासून पुढचे काही दिवस उजेडी लांब राहताना आढळले. माणूस दिसला नाही तरी त्याचा वास जमिनीवर, गवतावर, शिडीवर उरतो.

म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: कधी जायचं यापेक्षा कधी जायचं नाही हे ठरवणं. एका मचाणावरची पहिली बैठक सर्वांत मोलाची. दुसरी निम्म्या किमतीची. ज्याला दहा दिवस सुट्टी मिळाली आहे आणि जो दहाही दिवस त्याच झाडावर चढतो, तो नराला शिकवणी देत असतो.

वाऱ्याकडे वळू. व्हाइटटेलचे डोळे लाल-नारिंगी रंगाला मंद आहेत (म्हणूनच शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट सक्तीचं करता येतं), पण निळा रंग त्याला चांगला दिसतो. निळी जीन्स घालून रानात जाऊ नये. नजर फसवता येते, कानही कधीमधी फसतात. नाक फसत नाही. वासनाशक फवारे, कार्बनचे कपडे, खास साबण यांचा बाजार मोठा आहे. त्यांच्या भरवशावर उलट्या वाऱ्यात बसणाऱ्याचे पैसे आणि संध्याकाळ दोन्ही वाया जातात.

वारा वाचायला अमेरिकी शिकारी खिशात मिल्कवीडच्या शेंगा ठेवतात. ती आपल्या रुईचीच भावकी, आणि शेंगेतून उडते ती तीच, आपण लहानपणी जिच्यामागं धावलो ती म्हातारी. मचाणावरून एक म्हातारी सोडायची आणि नजरेआड होईपर्यंत पाहत राहायचं. हवामानाचं ॲप ‘वायव्येचा वारा’ म्हणतं. म्हातारी दाखवते की तो टेकडीला अडून, वळून, ओढ्यात उतरून भलतीकडेच जातोय. सकाळी ऊन पडलं की हवा तापून उतारावरून वर चढते. संध्याकाळी गार, जड हवा घळीकडे उतरते. वारा मंद असेल तर हा चढउतारच राजा. त्यामुळं सकाळची मचाण वरच्या अंगाला आणि संध्याकाळची खालच्या अंगाला, हा सर्वसाधारण नियम.

एक नमुना मांडून पाहू. समजा, आयोवातली उत्तर-दक्षिण पसरलेली एक टेकडी आहे. उत्तर टोकाला कापलेला मका, त्याच्या अलीकडे रानातच पांढऱ्या ओकांचा सपाट तुकडा, तिथं एक जुना, दरवर्षी उघडणारा स्क्रेप. वारा वायव्येचा. नर पूर्व उतारावर, माथ्याच्या थोडा खाली बसलेला असणार: पाठीमागचा वास वारा माथ्यावरून आणून देतो, समोरची घळ डोळ्यांना दिसते. संध्याकाळी तो उताराच्या अंगानं उत्तरेला निघेल, कारण वारा त्याच्या नाकावर तिरपा येतोय आणि त्याला ते सुरक्षित वाटतं. नराला वारा पूर्ण गैरसोयीचा असेल, तर तो त्या वाटेनं येतच नाही. त्याला सोयीचा वाटणारा आणि शिकाऱ्याला जेमतेम पुरणारा वारा शोधायचा. इथं मचाण स्क्रेपच्या पूर्वेला, वाटेच्या खालच्या अंगाला वीस यार्डांवर. शिकाऱ्याचा वास आग्नेयेला, घळीवरून निघून जातो. संध्याकाळची उतरती हवाही त्याला तिकडेच ओढते. नर दक्षिणेकडून येतो आणि तो वासाचा पट्टा त्याच्या उजव्या हाताला राहतो. वारा पंधरा-वीस अंश फिरला तर सगळं संपलं. तेवढा धोका पत्करावाच लागतो.

आणि पोचायचं कसं? घळीतून सरळ चढलं तर नर वरून बघतोय. मक्यातून आलं तर तिथं माद्या. मग ईशान्येच्या वळणाआडून, ओढ्याच्या पात्रातून, रबरी बूट घालून, दुपारी दोनच्या सुमाराला. परतीचा विचार तर निम्मे लोक करतच नाहीत. अंधार पडल्यावर मक्यात पंधरा हरणं चरत असताना झाडावरून उतरणं म्हणजे पुढच्या चार संध्याकाळी उधळून लावणं. त्यावर तिकडचा जुना तोडगा असा की शेतमालकाला सांगून ठेवायचं आणि त्यानं ट्रक घेऊन शेतात चक्कर मारायची. हरणं ट्रकला बिचकून पांगतात, पण शेतात रोज ट्रक येतच असतो, त्याचं त्यांना वैषम्य नसतं.

थंडीची लाट आली की जावं, असं प्रत्येक शिकारी सांगतो. कॉलरच्या आकड्यांत हवामानाचा परिणाम गप्पांमध्ये असतो तितका ठसठशीत दिसत नाही. चंद्राच्या कलांचा तर त्याहून कमी. तरीही मोजक्याच बैठका खर्चायच्या असतील तर पाऊस सरून वारा वायव्येला फिरलेली पहिली गार संध्याकाळ निवडावी. जाड फर चढवलेल्या जनावराला उकाड्यात चालायची हौस नसते, एवढा तर्क पुरेसा आहे. नोकरदारांसाठी आणखी एक हिशेब: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागं जातात. डे मॉइनमध्ये ऑक्टोबरअखेर सव्वासहाच्या आसपास होणारा सूर्यास्त एकदम पाचवर येतो. ऑफिस सुटल्यावर मचाण गाठायची असेल तर ती त्या रविवारच्या आधीच.

शिंगं आपटून खोट्या झुंजीचा आवाज काढण्याला हेच दिवस साजतात. टेक्सासमध्ये १९९०च्या दशकात मिक हेलिकसन यांनी याचे रीतसर प्रयोग केले. हळू आवाजापेक्षा मोठ्या आवाजाला नरांनी जास्त प्रतिसाद दिला आणि आलेल्यांपैकी बरेच जण वाऱ्याच्या खालच्या अंगानं वळसा घालून आले. मागं ओढा, कुंपण किंवा मोकळं शेत असेल अशाच जागी हा खेळ करावा, म्हणजे वळसा घालायला त्याला आडोसा उरत नाही. नर दिसत असेल आणि आपल्याच दिशेनं येत असेल तर गप्प बसावं. हरणाच्या मूत्राच्या बाटल्यांवर रोगप्रसाराच्या भीतीनं काही राज्यांत बंदी आहे. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

आता बाण. आजच्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फूट जातो असं धरू. तीस यार्ड म्हणजे ९० फूट; बाणाला पाव सेकंदाहून जास्त, जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. आवाज तेच अंतर त्याच्या चौथ्या हिश्श्यात कापतो. म्हणजे प्रत्यंचेचा आवाज आधी पोचतो, आणि सावध हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं. बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट, पाठीत बसतो. यावर उपाय दोन: हरीण वीस यार्डांच्या आत येईपर्यंत थांबणं आणि छातीच्या खालच्या तृतीयांशावर, हृदयाच्या वरच्या कडेवर नेम धरणं. हरीण पूर्ण आडवं किंवा आपल्यापासून किंचित तिरपं दूर जाणारं हवं. समोरून येणाऱ्या नरावर बाण सोडू नये, मग तो कितीही मोठा असो. तो निघून जातो ते परवडतं. सराव जमिनीवर टी-शर्ट घालून नको. उंचावरून, बसून, हिवाळी जाकिटात, आणि शिकारीला लावणार तेच पातं लावून करावा.

बाण लागल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत कठीण, कारण काहीच करायचं नसतं. बाण शोधावा आणि रक्त वाचावं. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आत पडलेलं असतं, तरी अर्धा तास थांबावं. गडद लालसर-तपकिरी रक्त म्हणजे यकृत. चार ते सहा तास. हिरवट चोथा आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटात गेलाय. आठ-दहा तास तरी त्या दिशेला पाऊल टाकू नये. घाई केली की मरणारं हरीण उठतं, मैलभर जातं आणि कुणालाच सापडत नाही. अनेक राज्यांत दोरीला बांधलेल्या शोधक कुत्र्याची मदत घेता येते. तसा कुत्रा पाळणाऱ्याचा फोन नंबर हंगामाआधीच मिळवून ठेवावा.

झाडावरून पडणं हा या छंदातला सर्वांत मोठा अपघात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणीगणना केलेल्या मराठी वाचकाला मचाण म्हणजे लाकडी, ऐसपैस, बसायची जागा आठवेल. इथली मचाण खुर्चीएवढी, वीस फुटांवर, आणि त्यावर पहाटे अंधारात, थंडीनं बधिर हातांनी चढायचं असतं. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस जमिनीवरच घालावा आणि पाय उचलायच्या आधी झाडाच्या जीवनदोरीला अडकवावा. धनुष्य हातात घेऊन चढू नये. वर पोचल्यावर दोरीनं ओढून घ्यावं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या सुधारणांनी छंदाची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं जेमतेम काही लाख व्हाइटटेल उरली होती. आज अंदाजे तीन कोटी आहेत. शिकारीचे परवाने, हंगाम, आणि १९३७च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या, शस्त्रांवरच्या करातून उभा राहिलेला पैसा यांचा त्यात मोठा वाटा. १९७०च्या दशकात हा कर धनुष्य-बाणांनाही लागू झाला. शिकागो, मिनियापोलिस, डे मॉइनकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला या छंदात हात घालायचा असेल, तर आधी राज्याचा शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम, मग परवाना, मग हरणाचा टॅग, आणि खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी. राज्याबाहेरच्याला शुल्क कैकपट पडतं. आयोवात तर लॉटरीत नंबर लागायला वर्षानुवर्षं गुण साठवावे लागतात. आमिष घालणं, कॅमेरे, बाण सोडण्याच्या वेळा, यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये, त्या वर्षीची सरकारी पुस्तिका वाचावी.

मांसाबद्दल. हरीण पडल्यावर लगेच आतडी काढून धड थंड करावं. चरबी मात्र सगळी काढून टाकावी. ती बोकडाच्या चरबीसारखी चवदार नसते, टाळ्याला मेणासारखी चिकटते. मांडीचं मांस वाटणात रात्रभर मुरवून कुकरला लावलं की रस्सा झकास होतो. पण त्याआधी तपासणी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग १९६७मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला, २००२मध्ये विस्कॉन्सिनात पोचला आणि पसरतोच आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तो ज्या प्रथिनामुळं होतो ते कुकरच्या कितीही शिट्ट्यांनी नष्ट होत नाही. रोगाच्या पट्ट्यात मारलेल्या हरणाचा नमुना सरकारी केंद्रात द्यावा, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवावं आणि रोग निघाला तर खाऊ नये, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. नको असलेलं मांस विकता येत नाही. आयोवात ते ‘हश’ योजनेतून गरजूंना देता येतं.

टॅग मात्र हरीण हलवण्याआधी, पडल्या जागीच लावायचा असतो, आणि आयोवात शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या आत करावी लागते.